बोलवायला कोण येणार?

मागच्या मार्गशीर्षात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटावर भरीत पार्टीसाठी मतदान टाकण्यात आले. रविवारची तारीख, आसोदा रस्त्यावरच्या एका मळ्याचे लोकेशन आणि खाली तीन पर्याय होते: येणार, येणार नाही, नंतर कळवतो. संध्याकाळपर्यंत ‘येणार’खालची पट्टी भराभर वाढत गेली आणि रात्री कधीतरी नानांचा संदेश आला. नाना म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे, एस.टी.तून निवृत्त झालेले आणि पत्नीच्या पश्चात हाताने करून खाणारे गृहस्थ. सकाळच्या सुविचारापलीकडे ते गटावर फारसे काही लिहीत नाहीत. त्यांनी तिन्हीपैकी कोणत्याही पर्यायावर बोट ठेवले नव्हते, एवढेच विचारले होते, "बोलवायला कोण येणार आहे?" त्यावर दोघांनी अंगठा उमटवला, एकाने हसरा चेहरा टाकला आणि आयोजनाची सगळी धावपळ करणाऱ्या तरुणाने अत्यंत अदबीने उत्तर दिले, "नाना, लोकेशन टाकलेलं आहे. गाडी पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो." नानांनी जोडलेले हात पाठवले. विषय तिथेच मिटला आणि रविवारी नाना आले नाहीत.

नानांना गाडी नको होती.

पार्टी मात्र उत्तम झाली, हे आधी सांगितले पाहिजे. खान्देशातली भरीत पार्टी हा घरच्या ओट्यावर, गॅसच्या जाळीवर उरकण्याचा पदार्थ नव्हे. आमच्याकडे ज्या घरांत खंडोबाचा कुळाचार आहे, तिथे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे खायला सुटते, आणि मग थंडी संपेपर्यंत मळ्यामळ्यांतून धूर निघत राहतो. बामणोद, आसोदा या बाजूची ती मोठी, फिकट हिरवी, पांढुरक्या रेषांची, बी कमी असलेली वांगी जळगावचे नाव लावून फिरतात. २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. त्यांना टोचे मारून, तेलाचा हात फिरवून ती कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर टाकली जातात. हा जाळ फार वेळ टिकत नाही, पण जोवर असतो तोवर भडकून असतो, त्यामुळे काड्या सारणारा माणूस बोलता बोलताही हात थांबवू शकत नाही. साल कोळसा होते, देठापाशी रस उकळून फसफसतो, आणि मग बायका-पुरुष गोल बसून बोटे भाजत, फुंकर घालत ती सोलू लागतात. सोललेला गर लाकडी बडगीत पडतो, वर हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा येतो आणि ठेचणाऱ्याच्या दंडाची परीक्षा सुरू होते. शेवटी कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कोथिंबीर आणि सढळ हाताने तेल. कळण्याच्या पुऱ्यांचा घाणा दुसरीकडे चालूच असतो. त्या धुराचा वास केसांत दोन दिवस राहतो आणि तो धुऊन टाकावासा वाटत नाही.

हे सगळे उभे करणे सोपे नाही. माणशी अर्धा किलो कच्ची वांगी धरायची, तर आकडा आधी कळावा लागतो. आदल्या दिवशी मळ्यात जाऊन वांगी तोडून आणावी लागतात, पुऱ्या तळणाऱ्या बाईंना पीठ सांगावे लागते. पूर्वी हा अंदाज अनुभवी म्हातारे करीत आणि तो चुकला की भरीत उरे किंवा पुऱ्या संपत. आता मतदानाने आकडा नेमका मिळतो. व्हॉट्सॲपवर ही सोय २०२२ च्या अखेरीस आली आणि तेव्हापासून आमच्याकडे भिशीपासून हळदीकुंकवापर्यंत सगळीकडे तिचा सुळसुळाट झाला. आयोजकांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. ज्या तरुणाने नानांना उत्तर दिले, तो नोकरी सांभाळून हे सारे करतो, पदरचे पेट्रोल जाळतो आणि वर पुरी कडक झाली म्हणून बोलणीही खातो. त्याने नानांचा अपमान केला असे मला मुळीच वाटत नाही. त्याला प्रश्न त्याच्या वयाप्रमाणे ऐकू आला, एवढेच.

माझे बालपण चोपड्याच्या बाजूला तापीकाठच्या गावात गेले. तिथे लग्नाचे किंवा तेराव्याचे जेवण असले की आवतण घेऊन न्हावी येई. तो दारात उभा राहून यजमानाचे नाव सांगे आणि आवतण घरटी एकाचे आहे की चूलबंद, तेही सांगे. घरटी एक म्हटले की घरातला कर्ता पुरुष जाई. चूलबंद म्हटले की त्या वेळी त्या घरात चूल पेटत नसे. आजीपासून रांगत्या मुलापर्यंत सगळे निघत आणि आलेल्या पाहुण्यालाही सोबत घेऊन जात. मात्र या पहिल्या आवतणावर कोणी उठून जात नसे. जाणारा हावरट ठरे. पाने मांडली, वरण-बट्टीवर तूप पडायची वेळ आली, की न्हावी पुन्हा गल्लीतून फिरे आणि ओरडे, "चला, जेवाले चला!" तरीही एखादे घर हलत नसे. मग यजमानाचा भाऊ किंवा खुद्द यजमानच तिथे जाई, कारण न येण्यामागे बहुतेक वेळा बांधाचे भांडण असे, किंवा मागच्या लग्नात आहेर कमी आल्याची सल असे. ओट्यावर बसून समजूत घातली जाई, चहा होई, जुनी उणीदुणी निघत, आणि इकडे पंगत खोळंबे. लहानपणी भुकेने कळवळत मी ते रुसवे पाहिले आहेत आणि तेव्हा मला त्या मोठ्या माणसांचा मनस्वी राग येई. पण सोयरीक-भाऊबंदकीतली कित्येक भांडणे त्या खोळंबलेल्या पंगतीनेच मिटवली, हेही खरे आहे. जेवण वाट पाहत असल्याशिवाय कोणी कोणाच्या ओट्यावर गेला नसता.

याचे गोडवे गाताना मात्र हात आखडता घ्यावा लागतो. गावभर आवतण देणारा तो न्हावी स्वतः कोणत्या पंगतीला बसे? सर्वांत शेवटच्या. त्याची बायको-मुले तर पातेली घेऊन येत आणि उरलेले घेऊन जात. काही वस्त्यांपर्यंत तो जातच नसे. तिथल्या लोकांनी पंगती उठल्यावर मांडवाच्या बाहेर थांबायचे असते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. कोणाला बोलवायचे, कोणाच्या शेजारी कोणाचे पान मांडायचे आणि कोणाला काय वाढून नेऊ द्यायचे, हे सगळे जातीने ठरलेले होते आणि ते इतके ठरलेले होते की त्याची यादी करण्याची गरजच पडत नव्हती. आजच्या मतदानात निदान पर्यायासमोर जात लिहावी लागत नाही. अर्थात त्यावर फार हुरळून जाण्यातही अर्थ नाही, कारण माझ्याच मोबाइलवर कॉलनीच्या गटाखाली समाजाचा गट आहे, भाऊबंदकीचा गट आहे, आणि त्या गटांच्याही भरीत पार्ट्या होतात. मळा तोच असतो, बडगीही तीच असते; रविवार वेगवेगळे असतात.

मोजणीचे म्हणाल, तर ती आमच्याकडे पूर्वीही होती. श्रावणात कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ काढण्याची रीत आहे. आजोबा एकेक नाव घेत आणि मूठ परातीत सोडीत. त्यात सुरतला उधन्याच्या कारखान्यात असलेल्या काकांचे नाव असे, सैन्यात असलेल्या चुलत भावाचे असे, आणि महिनाभराच्या तान्ह्या मुलाचेही असे, ज्याला रोट म्हणजे काय हे कळायला अजून वर्षे होती. जे येणार नाहीत, येऊ शकत नाहीत, त्यांचेही पीठ मळले जाई, आणि त्यांच्या वाटचे खाल्लेही जाई. ही मोजणी मला फार सुंदर वाटे. ती सुंदर वाटण्याच्या वयात, दळायला बसणाऱ्या आईच्या आणि माझ्या नावाची मूठ त्या परातीत नाही, हे माझ्या लक्षात आले नव्हते. लक्षात आले तेव्हा आजोबा नव्हते आणि विचारायचे राहून गेले.

तेव्हा नानांच्या प्रश्नातले मला नेमके काय टोचले, याचा शोध मी बरेच दिवस घेत होते. जुनी रीत गेल्याचे दुःख म्हणावे, तर ती सगळीच परत यावी असे मला वाटत नाही. हळूहळू मला असे दिसले की आवतणाच्या काळात आठवण ठेवण्याचे काम यजमानाचे होते. कोण राहिला, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी सुतक आहे, कोण रुसला आहे, हे त्याने ध्यानात ठेवायचे. विसरला तर बोल त्याला लागे. मतदानात हे काम पाहुण्याकडे आले. मला यायचे आहे, मला भूक आहे, माझे पान मांडा, हे पाहुण्यानेच चारचौघांत सांगायचे. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्या हाकेशिवाय ताटावर बसायचे नाही असे मनावर बिंबवून घेतले, त्यांना ते बटण दाबणे जड जाते. नानांसारखी माणसे ‘येणार नाही’ असेही म्हणत नाहीत. ती कोणत्याच रकान्यात नसतात आणि आकड्यांची बेरीज मात्र बरोबर येते.

आणि तरीही, त्याच रविवारी माझ्या शेजारी एक मुलगी बसली होती.

ती एका बँकेत नोकरीला, मूळची ओडिशाची, जळगावात बदली होऊन आलेली, आमच्या कॉलनीत खोली घेऊन राहणारी. घरमालकिणीने तिला गटात घेतले होते. मराठी तिला वाचता येत होते, बोलताना ती हिंदीत शिरत होती. तिने लोकेशन पाहिले, ‘येणार’ दाबले आणि स्कूटरवर एकटी मळ्यात आली. वांगी सोलायला बसली तेव्हा पहिल्याच वांग्याला तिचे बोट भाजले. शेजारच्या काकूंनी ते ओढून गार पाण्याच्या भांड्यात बुडवले आणि मग सोलायचे कसे ते दाखवले, देठ धरून, सालीची पट्टी खाली ओढत. तिच्याकडेही वांगे भाजून, कुस्करून, वर कच्चे मोहरीचे तेल घालून खातात, असे तिने सांगितले, तेव्हा मोहरीच्या तेलावर दोन्ही बाजूंनी मोठी चर्चा झाली. जुन्या रीतीत या मुलीला कोणी बोलावले असते का? मला शंका आहे. ती कोणाची सोयरी नव्हती, कोणाच्या आहेराच्या वहीत तिचे नाव नव्हते, तिला विसरल्याचा बोल कोणाला लागला नसता. आठवणीवर चालणाऱ्या व्यवस्थेत आठवणीत असलेल्यांचेच भले होते. तिला बटण हवे होते, आणि नानांना दारात उभा राहणारा माणूस हवा होता. आणि पुऱ्यांचे पीठ दोघांसाठी एकच मळले जाते.

माझा भाचा काही वर्षे नेदरलँड्समध्ये होता. तिथे एका संकेतस्थळावरून तो शेजाऱ्यांकडचे जेवण आणीत असे. टाउसआफगेहाल्ड असे काहीसे त्याचे नाव त्याने मला उच्चारून दाखवले होते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या जाळ्यावर घरी थोडे जास्त रांधणारा माणूस आज काय केले आहे आणि किती पाने उरतील हे लिहितो, आणि जवळपासचा कोणी ठरलेल्या वेळी डबा घेऊन जातो. त्याच वर्षी इस्रायलमध्ये इटविथ निघाले. तिथे तर परक्याच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावरची खुर्चीच पैसे भरून राखून ठेवायची असते. पुढे २०१७ मध्ये पॅरिसच्या विझइट या तशाच कंपनीने ते विकत घेतले आणि त्याचेच नाव स्वतःला लावले. पैसे देऊन कोणाच्या घरी जेवायला जाणे हे ऐकून माझ्या आईने कपाळाला हात लावला होता. मला मात्र त्या डच मंडळींची एक गोष्ट लक्षात राहिली. ज्या वृद्धांना स्वतः रांधणे जमत नाही, त्यांच्यासाठी त्यांनी जवळच राहणाऱ्या रांधणाऱ्याशी जोडी लावून देण्याचे वेगळे काम सुरू केले. खुल्या यादीवर जे आपणहून येत नाहीत, त्यांच्यासाठी त्यांनाही मध्ये माणूस घालावा लागला.

या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, जिम हेन्स नावाचा एक अमेरिकन गृहस्थ पॅरिसमधल्या आपल्या घरी दर रविवारी रात्री अनोळखी लोकांना जेवू घालीत असे. आधी फोनवर आणि नंतर ई-मेलवर नाव नोंदवले की झाले. मग तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नसे. खर्चासाठी जमेल ते पाकिटात घालायचे. जानेवारी २०२१ मध्ये तो वारला; त्याआधी चाळीसहून अधिक वर्षे हे चालले. म्हणजे यादी त्याच्याकडेही होती, आणि नाव पाहुण्यानेच द्यायचे होते. पण आलेल्यांची नावे तो पाठ करी आणि उंच स्टुलावर बसून, गर्दीतल्या एकाला हाक मारून दुसऱ्याची ओळख करून देई. छायाचित्रांत तो ॲप्रन बांधून, हातात यादी घेऊन बसलेला दिसतो. यादी आणि यजमान हे एकमेकांचे वैरी असलेच पाहिजेत असे नाही, हे मला त्या छायाचित्राने पटवले. फक्त यादी केली की यजमानाचे काम झाले, असे त्याला कधी वाटले नसावे.

नुसत्या यादीनेही काम भागते, असे दिवस मी पाहिले आहेत. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्याच कॉलनीत दर दोन-तीन घरांआड कोणी ना कोणी करोनाने अंथरूण धरले होते. तेव्हा याच गटावर रोज सकाळी एक यादी फिरे: घर क्रमांक, किती माणसांचा डबा, तिखट चालेल का, पथ्य काय. दुपारी फाटकाच्या खिळ्याला डबा अडकवला जाई आणि लांबूनच हाक दिली जाई. कोणी आग्रह केला नाही, कोणाला त्याचा मान हवा नव्हता. मुगाच्या खिचडीवर तूप घालावे की नाही यावर वाद झाले, ते तेवढेच. त्या वेळी नानांनी स्वतःचे नाव यादीत घातले होते, पहिल्याच दिवशी, आणि पुढे ‘एक डबा, तिखट चालेल’ असे लिहिले होते. आजारपणात मागायला त्यांना संकोच वाटला नाही. आनंदाच्या जेवणाला मात्र त्यांना कोणीतरी मागून न्यायला हवे होते.

यंदाच्या पार्टीची जुळवाजुळव नुकतीच सुरू झाली आहे. मागच्या वेळी ‘येणार’ म्हणून नोंदवून न आलेली मंडळी बरीच निघाली, वांगी उरली, आणि ती सोमवारी घरोघर वाटावी लागली. म्हणून पैसे आधी घ्यायचे, यूपीआयवर भरतील त्यांचेच पान धरायचे, असा प्रस्ताव आला आहे. तो बहुधा मंजूर होईल आणि व्हायलाही हरकत नाही. वांगी पिकवणाऱ्याला रोख द्यावे लागतात. मी बैठकीत एवढेच सुचवले की मतदान राहू द्यावे, पण प्रत्येक गल्लीतून एकाने आपल्या बाजूच्या घरांत जाऊन तोंडी सांगावे, आणि पार्टीच्या दिवशी निघताना पुन्हा एकदा हाक मारावी. मागच्या वर्षी नानांना उत्तर देणारा तो तरुण म्हणाला, "ताई, काम वाढेल." ते खरेच आहे. दुसरे एक गृहस्थ म्हणाले की आजकाल कोणाच्या दारात जाऊन बेल वाजवणे हेच लोकांना आवडत नाही, आधी फोन करावा लागतो. तेही खरे आहे. बरीच चर्चा होऊन शेवटी ज्याला हौस असेल त्याने करावे, असे ठरले, म्हणजे आमच्या गल्लीपुरते ते माझ्याकडे आले.

मी कागदावर घरे लिहून काढली. नानांचे घर सोपे आहे. तिथे चहा होईल, एस.टी.च्या जुन्या गोष्टी ऐकाव्या लागतील, आणि ते येतील. ओडिशाच्या मुलीची धुळ्याला बदली झाली आहे, पण त्या रविवारी यायला जमेल असे तिने आपणहून कळवले आहे. अडचण मधल्या दोन घरांची आहे. नळाच्या पाण्यावरून त्यांच्याशी आमचे बोलणे बंद आहे, आणि गटावर आम्ही एकमेकांच्या वाढदिवसांना नेमाने फुले पाठवतो. मतदानात त्यांनी काय दाबले ते मला दिसेलच. त्यांच्या दारात जायचे तर आधी पाण्याचा विषय निघणार, आणि त्यात चूक त्यांची होती असे माझे आजही मत आहे.